शिशाचे मणी

त्रिनिदाद, बेनी
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय ओस्मार,

खूप खूप आशीर्वाद. तुझं नाताळचं कार्ड मिळालं होतं. उत्तराला ऑगस्ट उजाडला म्हणून रागावू नकोस. आणि रागावणार तरी कशाच्या जोरावर? कार्डावर होतं काय? ‘मी बरा आहे, बंदरात काम चालू आहे, आईला नमस्कार.’ एवढ्यासाठी चिलीहून तिकीट चिकटवून पाठवतोस! अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. इकिकेत तेवढं तरी सुधारेल असं वाटलं होतं.

इथे यंदा धूर फार आहे. गवताळ रानं पेटवायला लोकांनी लवकरच सुरुवात केली. सकाळी धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. दुपारपर्यंत सगळे पायलट माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये बसून कॉफी पितात आणि एकमेकांच्या बायकांबद्दल अचकटविचकट बोलतात. मी आहे हे आठवलं की ‘माफ करा हं मायेस्त्रा’ म्हणतात आणि पुन्हा सुरू होतात. पाऊस नाही तो नाहीच. नदी इतकी आटलीय की पोरं पलीकडे चालत जातात. आत्याच्या नादीरचं लग्न झालं. नवरी नादीरपेक्षा वीतभर उंच आहे, आणि आत्या फोटोत मुद्दाम तिला बसवून ठेवते.

आई बरी आहे. जेवते. तुझी आठवण काढते असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

शेड बरी चाललीय. परवा एका पोरसवदा कॅप्टनचं विमान आलं. चालू केलं की गडगडायचं, म्हाताऱ्याच्या छातीत कफ असावा तसं. खालचे प्लग काढले तर आत शिशाचे मणी, राखाडी, मोहरीएवढे, गच्च बसलेले. मी दाभणाने एकेक टोकरून बशीत काढला आणि बशी त्याच्यापुढे धरली. म्हटलं, “कॅप्टन, पेट्रोलमध्ये औषध घालता का?” तर म्हणतो, “कसलं औषध? तुम्ही बायका एंजिनालाही काढा पाजता की काय!” मी म्हटलं, “काढा नाही, जुलाब. आतलं शिसं बाहेर पडायला.” सगळे हसले, तोही हसला. मग मी त्याला बसवून समजावलं, की ही जुनी एंजिनं हलक्या पेट्रोलसाठी घडवलेली. ते पेट्रोल मिळेनासं झालं आणि आता जे मिळतं त्यात शिसं कितीतरी जास्त. ते प्लगांवर साचतं आणि ठिणगी मरते. टाकी भरताना औषध मापाने ओतलं तर त्याच शिशाचा भुगा होतो आणि धुराबरोबर निघून जातो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी शब्दन् शब्द बाबांचे बोलतेय. हात हलवतेय तोसुद्धा त्यांच्यासारखाच. 

हा विषय मी काढणार नव्हते. पण आता निघालाच आहे, आणि खरं सांगायचं तर पत्र लिहायला बसले तेही त्याचसाठी.

बाबांची गारसा वर आली आहे.

बाबा जिथून मांस आणायचे त्या सांता रुफिनाच्या गुरांच्या वाडीचा मुकादम सेर्वांदो, त्याने रेडिओवर निरोप दिला. दलदलीचं पाणी आटलंय आणि विमान शेपटीपासून नाकापर्यंत उघडं पडलंय. विमान पडलं तेव्हा बाबांचं प्रेत त्याच्या माणसांनी होडीतून आणलं होतं, पण नाक चिखलात इतकं खोल रुतलेलं की एंजिन कुणी पाहिलंच नाही. इतकी वर्षं कुणी पाहिलेलं नाही. आणि तरी एंजिन का बंद पडलं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण ते तू सांगितलंस. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला घर माणसांनी भरलेलं असताना तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, सगळा पावसाळा मी टाकीत औषध घातलं नाही, बाबांनी विचारलं की घातलं म्हणायचो. त्यावर आई जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

सेर्वांदो म्हणतो, पाऊस आला की विमान पुन्हा बुडेल. बघायचं असेल तर आताच.

मी जाऊ का रे? प्लग काढून बघू का? तू नको म्हणालास तर नाही जाणार.

तुझी ताई,
एर्लिंदा


इकिके
३० ऑगस्ट

ताई,

जाऊ नकोस.

आत काय आहे ते मला ठाऊक आहे. मी रोज बघतो. आजवर ते मी एकट्यानेच बघितलंय. तू बघितलंस तर दोघांनी बघितलेलं होईल, आणि तू मला ‘तुझी ताई’ लिहिणार नाहीस. म्हणजे लिहिशील, पण दात दाबून.

तुला कधी सांगितलं नव्हतं मी का घालत नव्हतो. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. त्या औषधाचा हाताला वास राहायचा, जेवतानाही यायचा. आणि बाबा दररोज चारचौघांत विचारायचे, “घातलंस?” शाळेतल्यासारखं. मला त्या प्रश्नाचा राग यायचा. एवढंच. एका प्रश्नाच्या रागात मी बाप घालवला. आई बोलली ते बरोबर बोलली.

इथे पाऊस पडत नाही. कधीच नाही. डोंगरावर गवताची काडी नाही. लोकांना हे उजाड वाटतं, मला बरं वाटतं. बंदरात माल उचलायच्या गाड्या दुरुस्त करतो. त्या जमिनीवरून चालतात. बंद पडल्या तर नुसत्या उभ्या राहतात.

मागदा नावाची एक मुलगी होती. अजून आहे, पण फार दिवस राहणार नाही. तिला मुलं हवीत. मी म्हटलं, मला बाप होणं जमणार नाही. का ते सांगितलं नाही. तिला वाटतं माझं दुसरीकडे घर आहे.

बुडू दे ती गारसा.

ओस्मार


त्रिनिदाद
१५ सप्टेंबर

प्रिय ओस्मार,

तुझं पत्र मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि गेले. तू नको म्हणालास तर जाणार नाही असं लिहिलं होतं, ते मोडलं. रागव. पण आधी शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडायची तुझी सवय मला माहीत आहे.

घोड्यावरून जावं लागलं. माझी बैठक अजून दुखतेय. पूर्वी जिथे होडी लागायची तिथे आता भेगाळलेला चिखल, आणि मेलेले मासे, आणि त्यांच्यावर गिधाडं. सेर्वांदो पुढे चालत होता. त्याचे केस पांढरे झालेत, बडबड तीच. “तुझ्या बापासारखा मांस रचणारा दुसरा नाही. अख्खा बैल विमानात घालायचा आणि वर मला विचारायचा, अजून काही आहे का?” असं वाटेवर सारखं चाललं होतं. मी हं हं करत होते. 

गारसा लहान वाटली रे. पांढरा रंग गेलाय, वेल वाढलीय. दार उघडंच होतं. आत मी बघितलं नाही, सरळ नाकाकडे गेले. सेर्वांदोच्या माणसांनी चिखल उकरून ठेवला होता. मला आधी दिसला तो पंखा. त्याची दोन्ही पाती पुढे वळली होती, बोकडाची शिंगं असतात तशी. मी तिथे उभीच राहिले. सेर्वांदो म्हणाला, “काय झालं ग? साप?”

तुला हे सांगायला नको, तूही बाबांच्याच हाताखाली शिकलास. बंद पडलेल्या एंजिनाचा पंखा आपटला तर जे पातं खाली असतं तेवढंच वाकतं, तेही मागे. दोन्ही पाती अशी पुढे वळतात ती फिरत असताना, जोरात ओढत असताना.

तरी मी मनाला म्हटलं, घाई नको. प्लग काढायला बसले. तेल सोडलं, थांबले, पुन्हा सोडलं. पाना घसरून बोटं सोलली. खालचे सगळे निघाले, एक तुटला. वरचे काढायची गरजच उरली नाही. गंज होता, चिखल होता, इतक्या वर्षांत तो असणारच. तो पुसला. दाभण आत घालून फिरवलं, पुन्हा फिरवलं. ओस्मार, शिशाचा एक मणी नाही. एकाही प्लगमध्ये नाही. माझ्याकडे आठवड्यापूर्वी साफ करून गेलेली विमानं यापेक्षा घाण येतात.

मला वाटलं माझंच चुकतंय. तू तर म्हणाला होतास घातलंच नाही म्हणून. मी सेर्वांदोला म्हटलं, “हे असं कसं? यात औषध पडलंच नव्हतं.”

तो म्हणाला, “कोण म्हणतं?”

मग जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहिते, माझे घालत नाही. “तुझा बाप उतरला की आधी कॉफी मागायचा. मग आमच्या पिंपातून टाकी भरायला लागला की खिशातून एक बाटली काढायचा, खोकल्याच्या औषधाची असते ना, तसली. त्यातलं थोडं झाकणाने मोजून आत. मी म्हटलं, कॅप्टन, विमानाला खोकला झालाय का? तर म्हणाला, ‘पोरगं घालत नाही रे. घातलं म्हणून सांगतं. त्याला वाटतं मला कळत नाही.’ मी म्हटलं, मग कान उपटा की! तर हसायला लागला. म्हणाला, ‘त्याच्या वयाचा होतो तेव्हा मीही बापाला असाच गुंडाळायचो. येईल शहाणपण. तोवर माझे हात आहेत ना.’”

मी तिथे चिखलात बसून रडले. लाजही वाटली नाही. सेर्वांदो बिचारा टोपी काढून उभा, त्याला कळेना आपण काय वाईट बोललो.

तू रोज जे बघतोस ते तिथे नाही, ओस्मार. कधीच नव्हतं. बाबा तुला रोज विचारत होते ते तू खरं बोलावंस म्हणून. एंजिनाची काळजी त्यांनी केव्हाच आपल्याकडे घेतली होती.

पत्र इथेच संपवलं असतं तर फार बरं झालं असतं. काल इथपर्यंत लिहून मी पाकीटही आणलं. पण तू दिवसभर काम करून खोलीवर येशील, हे वाचशील, आणि कधी ना कधी तुला तो प्रश्न पडेलच. मग पडलं कसं? दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मीही सेर्वांदोला हेच विचारलं. त्याने मान खाजवत सांगितलं. त्या दिवशी बाबांच्या हातातून कॉफीचा कप पडला म्हणे. त्यांनी खाली बघितलं, जणू कुणी दुसऱ्यानेच पाडला. बोलायला गेले तर जीभ जड, शब्द अर्धे. सेर्वांदोला वाटलं, पिऊन आलेत. मग थोड्या वेळाने नीट झाले. तो म्हणाला, “कॅप्टन, आज इथेच राहा.” बाबा म्हणाले, “मांस उन्हात कुजेल.” आणि गेले.

घरी आले तेव्हा आई अंगणात युकाचे कंद किसत होती. मी जुना टॉवेल पसरून प्लग तिच्यापुढे मांडले. काय आहे, कुठून आणलं, काही विचारलं नाही तिने. किसणी थांबवली, आणि म्हणाली, “स्वच्छ आहेत?”

मी म्हटलं, “हो.”

“मग आता त्याला लिहिशील.”

ओस्मार, तिला माहीत होतं. प्लगांचं नाही, बाबांचं. त्या वर्षी बाबा दोनदा पडले होते. एकदा न्हाणीत, एकदा पलंगावरून उठताना. अर्धं तोंड वाकडं व्हायचं आणि परत सरळ व्हायचं. कोचाबांबाला जाऊन त्यांनी गुपचूप डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, विमानाला हात लावू नका. बाबांनी आईला लोरेतोच्या माउलीची शपथ घातली. कुणाला कळलं तर परवाना जाईल, पोरगं अजून एकट्याने उडवण्याएवढं तयार नाही, त्याला तयार होऊ दे, मग मी स्वतःच उतरतो. म्हणजे ते तुझ्यासाठी थांबले होते. हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिलं. यात तुझा दोष शोधू नकोस. तू शोधशील म्हणूनच सांगतेय.

मी आईला विचारलं, “मग त्या दिवशी, सगळ्यांसमोर, तो उभा राहून बोलला तेव्हा तू गप्प का नाही बसलीस? गप्प बसणंसुद्धा चाललं असतं!” कारण ती गप्प बसली नव्हती. तू बापाला खाल्लंस असं म्हणाली होती. बघ, शेवटी लिहिलंच.

आई म्हणाली, “मी नऊ दिवस देवासमोर बसून एकच म्हणत होते, की मी त्यांना उडू दिलं, मी मारलं. आणि तो आपणहून उठला. मी का त्याच्या तोंडात घातलं होतं? तो म्हणाला मी मारलं, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला ग. मला इतकं हलकं वाटलं. मला वाटलं खरंच त्यानेच मारलं असेल. नाहीतर देवाने त्याच दिवशी त्याला का बोलायला लावलं?”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

“नंतर काय. एकदा उतरलेला दगड परत कोण उचलून घेतं?”

मला इतका राग आला की मी किसणी उचलून भिंतीवर फेकली. युका अंगणभर झाली, कोंबड्या धावत आल्या. आई खाली वाकून एकेक तुकडा वेचायला लागली. वाकताना तिला धाप लागत होती, आणि मला तिला उठवावंसंही वाटलं नाही. नंतर उठवलं. ती आता अगदी हलकी झालीय रे, हातात घेतली की हाडंच लागतात. आई बरी आहे, जेवते, असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, ते खोटं. तिच्या पायांना सूज आहे, रात्री बसून झोपते. डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय. पाऊस बघेल की नाही, तो सांगत नाही.

तेव्हापासून आम्ही दोघी फार बोलत नाही. मी तिचं करते, सगळं करते. औषधं देते, वेणी घालते. पण तिच्या डोळ्यांकडे बघत नाही, आणि तिला ते कळतं. रोज विचारते, पत्र टाकलंस? मी म्हणते, नाही. आज सकाळी म्हणाली, “लिही त्याला. सगळं लिही, माझं काही झाकू नकोस. पण येऊ नकोस म्हणून लिही. मी गेल्यावर ये म्हण. तो दारात उभा राहिला तर मी कुठे बघू?”

तिचा निरोप मी तुला पोचवला. तिने तो द्यायला सांगितलं होतं, मी दिला. आता माझं ऐक. तू ये. ती आहे तोवर ये. माफ करायला ये असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ, आणि खरं तर मलाच अजून जमलेलं नाही. तिच्यावर ओरडायचं असेल तर ओरड. पण ती जिवंत असताना ओरड. नंतर थडग्यावर ओरडून काही उपयोग नसतो, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? तू तर न झालेल्या पापाची माफी इतकी वर्षं मेलेल्या माणसाकडे मागतोयस.

त्या मुलीला खरं काय ते सांग. बाप होता येणार नाही असं पुन्हा म्हणालास तर मी चिलीला येऊन तुला बडवेन.

हे पाकीट बंद करून मी आता धावपट्टीवर जातेय. दुपारी ला पाझला जाणाऱ्या कॅप्टनच्या हातात देईन, म्हणजे लवकर मिळेल. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसलीय. मी चपला घातल्या तसं तिने ओळखलं. नुसती खुर्ची फिरवून रस्त्याकडे पाठ करून बसली.

तुझ्या येण्याची वाट बघणारी एक आणि तुझ्या येण्याला भिणारी एक, अशा दोघींकडून,

एर्लिंदा